सिंदीच्या प्रेसमधला तो एक आकडा

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. घरात लहानपणापासून बुद्धवंदना. भूत-भानामतीचं कोणी काढलं की बाबा त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. मी नागपूरला प्रोग्रामर आहे. तरी लिहितोय, कारण हे पोटात ठेवून आता जगवत नाही...

गाव सिंदी (रेल्वे). तिथल्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसला कॉम्प्युटर जोडला, तेव्हा ड्रायव्हर मी लिहिला. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या. त्याचं काम एकच — प्रेसचं दार उघडं की बंद, ते वाचून सांगायचं. उघडं असेल तर प्रेस थांबलीच पाहिजे.

दाराची खबर मेमरीतल्या एका पत्त्यावर यायची. हा पत्ता सिस्टीम ठरवते, कॉम्प्युटरमध्ये काही बदललं की तोही बदलू शकतो, म्हणून दर वेळी तिलाच विचारायचं असतं. मी विचारलं नाही. दोन महिने एकच पत्ता दिसला, तोच कोडमध्ये ठोकून दिला. आळस, दुसरं काय. वर शून्य म्हणजे 'बंद' आणि एक म्हणजे 'उघडं', हेही माझंच डोकं.

मग कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून कोणीतरी रॅम वाढवली. पत्ता सरकला. माझा ड्रायव्हर जुन्याच जागी बघत राहिला, आणि तिथे आता नुसती रिकामी मेमरी होती. म्हणजे शून्य. म्हणजे दार बंद.

दार उघडं होतं. प्रेसवरचा दिनकर अडकलेला कापूस काढायला कमरेपर्यंत आत वाकला होता. मी पोचलो तेव्हा गाठीतून रक्त गळत होतं, आणि प्रेस वर घ्यायला कोणी धजत नव्हतं.

मालक म्हणाला, चूक दिनकरची. मी गप्प बसलो. दिनकरच्या धाकट्या भावाने, सुरेशने, मला फाटकाशी धरून तुडवलं. "तुह्या मशीननं खाल्लं माह्या दादाले," एवढंच म्हणत होता. माझे दोन दात पडले, तरी तोंडातून खरं निघालं नाही. गुपचूप कोड तेवढा दुरुस्त केला.

पुढच्या हंगामात त्याच प्रेसवर सुरेश लागला. एका दुपारी मॅनेजरचा फोन आला — डिस्क गेली होती, जुन्या बॅकअपवरून सगळं परत टाकलंय, एकदा बघून जा. गेलो. स्क्रीनवर ड्रायव्हरची तारीख वाचली. तोच जुना. मान वळवली तर सुरेश दारातून आत वाकलेला, आणि पलीकडून कोणीतरी बटण दाबलेलं.

प्रेस खाली आली. त्याच्या पाठीला भिडली, फासळ्या मोडल्याचा आवाज मी ऐकला... आणि थांबली. स्क्रीनवर एक. दार उघडं. मी पाय धरून त्याला ओढलं. तो बाहेर पडला, स्क्रीनवर शून्य आलं, अन् प्रेस धाडकन तळाला गेली. दार उघडंच होतं.

माझा ड्रायव्हर प्रत्येक वाचनाची नोंद ठेवतो. त्या दिवशीही तो चुकीच्याच जागी बघत होता. तिथे ना वायर, ना कार्ड, ना कुठला प्रोग्राम लिहीत होता. सुरेश आत होता तेवढाच वेळ तिथे 'एक' होता. नंतर तसंच सगळं मांडून, आत नुसता कापूस ठेवून शेकडो वेळा पाहिलं. शून्यच येतं.

दवाखान्यात सुरेशला सगळं सांगितलं. पत्ता, रॅम, माझं गप्प बसणं. पट्ट्या बांधलेला तसाच उठला आणि माझ्या तोंडात हाणली. मग कण्हत खाटेवर बसला. म्हणाला, "त्या रिकाम्या जागी दादा होता काय?"

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

"मंग ते जागा सोडू नोको. पाहात राह्यजो."

पोलिसांत मी लिहून दिलंय, व्हायचं ते होईल. नवा ड्रायव्हर दर वेळी सिस्टीमला विचारून बरोबर जागी बघतो. पण एक ओळ ठेवली आहे, जी जुन्या जागीही बघते. रोज संध्याकाळी सुरेशचा फोन येतो.

मी सांगतो, आज पण शून्य.