पोळ्याच्या तोरणाखाली गिटार

कुरुंद्याच्या ग्यानबाची प्रतिक्षा तशी गरीब स्वभावाची, पण एकदा का ‘न्हाई’ म्हणाली की मग ब्रह्मदेव आला तरी न्हाईच. वसमतला मेडिकलच्या दुकानात औषधं देते, एसटीनं जाते, एसटीनं येते. बरोबरीच्या पोरींनी पगारातनं कानातलं केलं, साड्या घेतल्या. हिनं काय आणावं? गिटार! तीही नांदेडच्या कुण्या पोरानं वापरून सोडलेली, काळी कुळकुळीत, वर दोन टोकदार शिंगं काढलेली. हेवी मेटल वाजवायला असलीच लागते म्हणे. नवी, भारीतली तिला परवडणारी नव्हती, पण हिचा आवाज कितीही फाडला तरी भरदार राहतो, हे तिनं मोबाईलवर बघून बघून पक्कं करून घेतलं होतं.

आल्या दिवशीच तिनं छोटा स्पीकर लावला, सूर खरखरीत करणारं डबडं पायाखाली घेतलं आणि तार छेडली. माय मालनबाईच्या हातातली पिठाची परात खाली आली. ग्यानबा अंगणातनं पळत आत आला. त्याला वाटलं, पाण्याची मोटार जळाली.

“हे काय वाजवून राहिलीस?”

“गाणं.”

“ह्याला गाणं म्हणत्यात व्हय? माझ्या घरात हे चालणार न्हाई. वाजवायचंच असंल तर गोठ्यात जा!”

त्याला वाटलं, शेणामुताच्या वासात पोरगी चार दिवसांत कंटाळंल. कंटाळते कसली! रोज सकाळी बैल पाण्यावर सोडायच्या वेळेला ही गोठ्यात हजर. घरचा बैल हौश्या पहिल्यांदा बिचकला, दावं ताणून उभा राहिला. मग सवय झाली. तिनं तळहाताची कड तारांवर दाबून घुर्र घुर्र सुरू केलं, की ग्यानबा तोंडानं शिव्या घालत दावं सोडायचा आणि हौश्या मान हलवत हौदाकडं निघायचा. असं वर्षभर चाललं.

गावाला मात्र सवय होईना. पोरीच्या जातीला हे शोभतं का, हिला कोण करून घेणार, एक ना दोन! सगळ्यात मोठं तोंड चुलत्याचं, शिवशंकरचं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळत असताना त्यानं ग्यानबाचे कान भरले, आणि ग्यानबा तरातरा घरात आला.

“उद्याचा पोळा झाला की ते खोकडं इकून टाक. न्हाई तर मी हिरीत टाकतो.”

“टाका. पण मग मी बी ह्या घरात ऱ्हायची न्हाई. वसमतला खोली करीन अन् दुसरी आणीन.”

“बापाला दम देतीस?”

“दम न्हाई आबा. सांगून राहिले.”

मालनबाईनं डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढं सगळ्या गावाचे बैल जमले. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं, सगळा थाट. तोरणाखालून पहिला बैल जायचा तो ग्यानबाच्या घरचा. हा मान त्याच्या आज्यापासूनचा. धर्मसिंगची गाण्याची पिकअप वसमतहून आली होती, स्पीकर दणदणत होते. तेवढ्यात कुण्या दीडशहाण्यानं हौश्याच्या पायाशी सुतळी बॉम्ब लावला. झालं! हौश्यानं चारी पाय रोवले. कासरा ओढला, शेपूट पिरगाळलं, गूळ दाखवला, पण बैल हालायला तयार नाही. मागं बैलांची दाटी झाली आणि लोक ओरडायला लागले, “काढा बाजूला! दुसऱ्याचा घाला पुढं!”

ग्यानबाचं तोंड पार उतरलं. त्यानं ओट्यावर बायांत उभ्या असलेल्या लेकीकडं बघितलं.

“परतू, गिटार आण.”

“काहून? ती तर हिरीत जायाचीय ना?”

“थट्टा नको पोरी, ही का येळ हाय?”

“थट्टा न्हाई, आबा. चारचौघांत सांगा, गिटार ऱ्हाईल. गोठ्यात न्हाई, घरात.”

शिवशंकर दात खाऊन राहिला होता. ग्यानबानं एकदा तोरणाकडं बघितलं, एकदा बैलाकडं.

“ऱ्हाईल बाई, घरात ऱ्हाईल! मारुतीची आण. पळ आता!”

ती पळत जाऊन गिटार अन् ते खरखरीचं डबडं घेऊन आली, धर्मसिंगची गाणी बंद करायला लावली आणि त्याच्या स्पीकरात वायर खुपसली. तो बिचारा घाबरला, “दीदी, स्पीकर फट जाएंगे मेरे.”

“न्हाई फाटत. फाटल्यागत वाजत्यात फक्त.”

अन् तिनं सुरू केलं. मारुतीच्या पारावरची कबुतरं उडाली, म्हाताऱ्यांनी कानांत बोटं घातली. हौश्यानं मात्र कान टवकारले. रोवलेला एक पाय उचलला, मग दुसरा, आणि मान हलवत, घुंगरं वाजवत निघाला तोरणाखालून, हौदावर निघाल्यासारखा. बायांनी अक्षता टाकल्या. ग्यानबाचा जीव भांड्यात पडला, त्यानं डोळे पुसले आणि उगाचच बैलाच्या पाठीवर थाप मारली.

लगेच शिवशंकर पुढं आला. “गेला न्हाई का बैल? झालं तुझं काम. कर आता बंद!”

प्रतिक्षानं त्याच्याकडं बघितलं. सारं गाव बघून राहिलं होतं.

“बैलासाठी वाजवून राहिले व्हय मी, काका?” ती म्हणाली, आणि आवाजाचं बटण फिरेल तेवढं फिरवलं.