सहाशे रुपयांचं प्रशिक्षण

चंपाताई भालेराव खराडीच्या आमच्या ऑफिसात ठेकेदारामार्फत सफाईचं काम करायच्या. वय चोपन्न, घर येरवड्याला. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतली होती, त्यामुळे पंचशील त्यांना बाराखडीच्या आधी पाठ झालं होतं.

पगाराचा मेसेज आला की त्या पॅन्ट्रीतल्या स्टुलावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायच्या. मी एचआरमध्ये. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पैसा आला की मन धावतं, मॅडम. मिक्सर, साडी, शेजारणीपेक्षा मोठा टीव्ही. त्याला आधी धावू देते. दमलं की मग खर्चाचं ठरवते." वीस वर्षांपूर्वी एका ध्यानशिबिरात त्या हे शिकल्या होत्या.

मागच्या वर्षी आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं, की सफाई कामगारांनाही 'पैसा आणि मनःशांती' शिकवावी. कार्यक्रम मीच ठरवला. शिकवायला बाणेरहून अभिनव सर आले. टेबलावर बुद्धाची छोटी मूर्ती, शेजारी पितळी वाडगा. तो टण्णकन वाजवून ते म्हणाले, "डोळे मिटा. पैशाची तृष्णा सोडा. जे मिळतंय त्याबद्दल कृतज्ञ व्हा. दुःख कमी पगारामुळे होत नाही, तुलनेमुळे होतं."

समोर अकरा बायका आणि चार पुरुष, सगळे डोळे मिटून. चंपाताईंचे मात्र उघडे होते. चेहरा लाल झालेला. त्या सावकाश श्वास घेत होत्या, ते मला लांबूनही दिसत होतं. मग त्या उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू?"

"विचारा ना, मावशी."

"सात महिने झाले, दर महिन्याला आमच्या पगारातून सहाशे रुपये कापतात. ठेकेदार म्हणतो, प्रशिक्षणाचे. ते प्रशिक्षण म्हणजे हेच का?"

सर हसले. "मावशी, हा राग आहे ना, त्याच्याकडे फक्त साक्षीभावाने बघा."

"बघितला. चांगला निरखून बघितला, म्हणूनच उभी आहे." आवाज चढला नाही. "न दिलेलं घेऊ नये, हे दुसरं शील आहे. आम्ही दिलं नव्हतं, त्यांनी घेतलं. तृष्णा सोडायला त्यांना सांगा. आणि ती मूर्ती पिशवीत ठेवा. चोरीच्या पैशावर बसवायला नाहीत ते."

ठेकेदार संभाजीराव मागच्या दाराशी उभे होते. ते ओरडले, "बस खाली! फार शिकलीस!"

"शिकले नाही, म्हणून तर सहाशे कापताय ना?" असं म्हणून चंपाताई बाहेर निघून गेल्या. त्यांच्यामागे एकेक करत सगळे उठले. सर वाडगा हातात धरून तसेच उभे राहिले.

त्या संध्याकाळी मी कार्यक्रमाचं बिल उघडलं. अर्धी रक्कम कंपनीची, अर्धी ठेकेदाराची. ठेकेदाराच्या रकमेपुढे लिहिलं होतं, 'कामगार प्रशिक्षण वसुलीतून'. सही माझी होती. न वाचता केलेली.

दुसऱ्या दिवशी चंपाताईंची हिंजवडीला बदली झाली. येरवड्याहून जायलाच दोन तास. त्या गेल्या, पण आधी सगळ्यांच्या पगाराच्या पावत्या गोळा करून कामगार खात्यात तक्रार टाकली. ठेकेदाराने माणूस पाठवला, "बाई, तुमच्यापुरतं घ्या आणि मिटवा." दारातच उत्तर मिळालं, "माझ्यापुरतं घेतलं तर मीही तुमच्यातलीच."

सुनावणीला त्या पाच वेळा गेल्या, पाचही वेळा बिनपगारी रजा टाकून. बिलाची प्रत मी त्यांना दिली, पण अगदी शेवटच्या तारखेच्या आधी, ती मी दिली हे बाहेर येणार नाही अशी खात्री झाल्यावर. कपात बंद झाली. पंधरा जणांना कापलेले सगळे पैसे परत मिळाले. चंपाताईंना खराडीला मात्र परत घेतलं नाही.

मी त्यांना भेटायला घरी गेले, तेव्हा त्यांनी नवा पंखा लावला होता.

"परत मिळालेल्या पैशातून?"

"हो. लोभ नाही हा. उकडतं."

मी म्हटलं, "ताई, माझं चुकलंच."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, आदळलाच म्हणायचा. थोडा चहा बशीत सांडला.

"तुमच्या ड्रॉवरमध्ये तो कागद पाच महिने होता, मॅडम. तुम्हाला झोप कशी लागायची?"

मी चहा प्यायले. बशीत सांडलेलासुद्धा.