तुरीच्या निबंधावरचं पहिलं नाव

आमच्या संशोधन केंद्रात तुरीचा एक तुकडा मुद्दाम आजारी ठेवलेला होता. मर रोगानं वाळलेली तुरीची झाडं दरवर्षी तोडून त्याच मातीत मिसळायची, म्हणजे बुरशी जिवंत राहते. मग तिथं नवे वाण पेरायचे. या मातीत जो वाण टिकेल, तो शेतकऱ्याच्या रानातही टिकेल. आम्ही त्याला सिक प्लॉट म्हणायचो. नव्वदच्या दशकात मी जालन्याहून रोज टेम्पोनं तिथं जायचे आणि उन्हात वाळकी झाडं मोजत फिरायचे.

त्या कामावर मी पहिला शोधनिबंध लिहिला. छापून आला तेव्हा विभागप्रमुखांचं नाव पहिलं होतं, माझं दुसरं. केंद्राचा रिवाजच तो. निबंध कुणीही लिहो, पहिलं नाव सरांचं.

पुढं वरच्या पदाची जागा निघाली. तुमच्या निबंधांचा संदर्भ कुणी कुणी दिलाय, हे मुलाखतीत विचारणार होते. ते शोधायला मी रेल्वेनं हैदराबादला गेले. तिथल्या ग्रंथालयात कुणी कुणाच्या निबंधाचा आधार घेतला याची नोंद असलेले जाडजूड खंड होते. बारीक अक्षरांत माझं नाव शोधून डोळे दुखले. नावच नव्हतं.

"फर्स्ट नामच आता इसमें अम्मा, बाकी के नामां नै आते," ग्रंथपाल म्हणाले.

सरांच्या नावाखाली बघितलं. माझा निबंध तिथं होता. त्याच्या खाली त्याचा आधार घेणाऱ्यांची रांग, अगदी आफ्रिकेपर्यंत. माझी तूर तिकडं पोचली होती, मी नव्हते.

माझे वडील वडीगोद्रीत शिक्षक होते आणि चळवळीची पत्रकं लिहायचे. आम्ही भावंडं त्यांच्या घड्या घालायचो. खाली वडिलांचं नाव-गाव असल्याशिवाय एकही पत्रक घरातून बाहेर पडत नसे. "ज्यानं म्हटलं त्यानं खाली उभं राहावं," ते म्हणायचे. घरात हे ऐकून वाढलेल्या मला निबंधावर मात्र दुसरं नाव चाललं होतं. आता चालणार नव्हतं.

दुसरा निबंध तयारच होता. मी माझं नाव पहिलं घातलं, सरांचं दुसरं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी हळूच म्हणाले, "ताई, जल्दी करू नका. मुलाखतीला सरच कमिटीत बसणार हायेत."

"म्हणून तर आत्ताच. जागा मिळाल्यावर केलं तर त्याला काय किंमत?"

सरांनी कागद बघितला. "टायपिस्टची चूक दिसते."

"न्हाई सर. मीच सांगितलं तसं."

"मी तुला वर आणून राह्यलो, अन् तू मलाच खाली ढकलतीस?"

"काम मी केलं सर."

"मंग माझं नावच काढून टाक. बिलकुल नको मला."

"काढणार न्हाई. तो प्लॉट तुम्ही उभा केला. तुम्ही ती बुरशी इतकी वर्षं सांभाळली नसती, तर मी काम कशावर केलं असतं? तुमचं नाव राहणार. दुसरं."

"अजब बाई आहे! ठेवू देत न्हाई, काढू बी देत न्हाई." त्यांनी कागद बाजूला सारला. त्यांच्या सहीशिवाय निबंध केंद्राबाहेर जात नसे.

रोज सकाळी प्लॉटवर जाण्याआधी मी तो त्यांच्या टेबलावर ठेवायचे, संध्याकाळी तसाच उचलायचे. मग एका संध्याकाळी सही दिसली. आत, मातीच्या वर्णनात, त्यांनी एक वाक्यही दुरुस्त केलं होतं, आणि दुरुस्ती बरोबर होती. माझा निबंध त्यांनी पहिल्यांदाच वाचला होता.

मुलाखतीत प्रश्न आला. मी म्हणाले, "माझ्या नावावर एकही संदर्भ नाही. ज्या निबंधाचे आहेत, त्याचे पहिले लेखक इथंच बसलेत. काम कुणाचं, त्यांना विचारा."

सरांनी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "काम तिचंच आहे," ते म्हणाले.

जागा दुसऱ्याला मिळाली. कमिटीनं निबंधावर पहिलं जे नाव छापलेलं होतं तेच धरलं. मला वाईट वाटलं, पश्चात्ताप मात्र झाला नाही. मी पुन्हा अर्ज करणार होते, आणि तोवर तो प्लॉट होताच.

काही दिवसांनी टायपिस्ट आमच्या खोलीत आला. एका सहकाऱ्याचा निबंध त्याच्या हातात होता.

"साहेब, नावं कशी घालू?" त्यानं त्या सहकाऱ्याला विचारलं. आमच्या केंद्रात हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.