अलीकडचा फाटा

कोकरे सर फळ्यावर झाड उलटं काढायचे. मूळ वर, पानं खाली. संगणकाच्या अभ्यासात ते तसंच काढतात. प्रत्येक ठिकाणाहून खाली फार तर दोन फांद्या. त्या ठिकाणाला पुस्तकात नोड म्हणतात. सर फाटा म्हणायचे. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते हा विषय शिकवत. त्यांचे वडील आणि धाकटा भाऊ डिंभ्याच्या बाजूला मेंढरं राखत.

एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंतची वाट काढायला सांगितली की आम्ही हमखास मुळापर्यंत चढायचो आणि तिथून उतरायचो. सर खडू खाली ठेवायचे. "लई फिरलात राव. दोघांच्या वाटा वर जाताना पयल्यांदा जिथं एक व्हत्यात, तिथंच वळा. त्याच्या वर आपलं काय काम न्हाई."

तोंडी परीक्षेत मोबाइल बंद ठेवायचा, हा नियम त्यांचाच. माझ्या परीक्षेच्या दिवशी मात्र त्यांचा मोबाइल टेबलावर चालू होता. सकाळपासून वडिलांच्या छातीत दुखत होतं. मी वाट लिहीत असताना तो वाजला. भावाचा आवाज मलाही ऐकू आला. "दादा, आबा घामानं भिजल्यात. जीप मिळाली. घोडेगावला येतो, अँब्युलन्स तिथंच बोलव. रेंज जाईल आता."

सरांनी अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसऱ्या रस्त्यावरच्या एका गावात पेशंट सोडून परतत होती. ड्रायव्हरही म्हणाला, घोडेगावलाच भेटू.

"ड्रायव्हरभाऊ, तुमचा रस्ता न् जीपचा रस्ता घोडेगावच्या अलीकडंच एक व्हतोय. पाण्याच्या टाकीचा फाटा. मागं पडला का?"

"न्हाई अजून."

"मग तिथंच थांबा. ऑक्सिजन तेवढा आधी मिळंल."

भावाला हे सांगायचं राहिलं होतं. फोन लागेना. लागला तेव्हा सर ओरडले, "टाकीच्या फाट्यावर थांब, म्होरं जाऊ नको!" आणि फोन तुटला. भावानं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. अँब्युलन्सच्या आधी जीप फाटा ओलांडून गेली, तर ड्रायव्हर तिथं उगाच वाट पाहत बसणार होता.

"लिव्हा तुमी," सर मला म्हणाले. ते पुन्हा पुन्हा नंबर दाबत होते. संपर्क क्षेत्राबाहेर. मग स्वतःशीच पुटपुटले, "घोडेगावच बरं व्हतं का काय."

शेवटी ड्रायव्हरचा फोन आला. "गावली जीप. फाट्यावर उभीच व्हती. मास्क लावलाय. म्हातारं मास्क काढून इचारतंय, मेंढरांपाशी कोन हाय?"

सर खाली बसले. पाणी प्यायले. मग माझा कागद ओढून घेतला. "काय राव. हितं बसून समदं ऐकलं, आन् परत मुळापर्यंत जाऊन आलात."

आबा वाचले. पुढच्या परीक्षेपासून सर प्रत्येकाला आधी विचारायचे, "घरी समदे बरे हाईत ना?" कुणी गप्प राहिलं, तर त्याचा मोबाइल चालू करून टेबलावर ठेवायला लावायचे. मुळापर्यंत जाणाऱ्याचे गुण मात्र कापायचेच.