सर्व्हर दुरुस्त झाला, पण माह्या पोटात दुखून राह्यलं

खरं सांगतो मंडळी, आज मी जळून राह्यलो.

खामगावात आमच्या मालकांचं कापसाच्या जिनिंग यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कोणता माल शिल्लक आहे, ते वेबसाइटवर शोधता येतं. त्यासाठी दोन सर्व्हर आहेत. पहिल्यावर रोज नवी यादी चढते, दुसरा तिची नक्कल घेऊन गिऱ्हाइकाले दाखवतो. तीन दिवसांपासून दुसरा जुनीच यादी दाखवत होता. काल जळगाव जामोदचा एक मिस्त्री साइटवर पट्टा शिल्लक पाहून बसनं आला अन् रिकाम्या हातानं परत गेला.

तीन दिवस मी नेटवर्क तपासलं, डिस्क तपासली, सर्व्हर बंद-चालू करून पाहिले. आज सकाळी वैशाली बाजूले येऊन बसली. तिले कामावर लागून दोनच महिने झाले.

"दादा, हा नक्कल कोणाची घेऊन राह्यला, ते पाहिलं का?"

नव्हतं पाहिलं. दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये पहिल्याच्या पत्त्याऐवजी मी दुसऱ्याचाच पत्ता टाकला होता. तो बिचारा तीन दिवस स्वतःचीच नक्कल घेत होता अन् सगळं बरोबर आहे म्हणत होता.

तेवढ्यात मालक आले. "काय झालं होतं बे?"

वैशाली म्हणाली, "एक पत्ता चुकला होता, सर. दादानं बाकी सगळं तपासून ठेवलं होतं, म्हणून लवकर सापडला."

तिच्या हुशारीचा हेवा एकवेळ पचला असता. हे कसं पचवू? चूक तिची असती अन् सापडली मले असती, तर मी मालकांले सर्वात आधी तिचंच नाव सांगितलं असतं.

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगजा.