माझ्या आईची पाहुणी

ती मला पहिल्या दिवसापासूनच आवडली नव्हती, असं सांगायला बरं वाटेल, पण ते खोटं आहे. पहिले चार दिवस ती मला चांगलीच आवडली होती.

मुलगी अमरावतीकडची, तिशीच्या आतली, आमच्या ठिबक सिंचनाच्या कंपनीत नुकतीच लागलेली. जुन्नर तालुक्यातल्या शेतांवर बसवलेले संच तपासायला तिला तीन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. मी बसते मंचरच्या ऑफिसात, पण माहेर जुन्नरचं, म्हणून साहेब म्हणाले, "मॅडम, तिला जरा गाव समजावून सांगा." असं कुणी म्हटलं की मी फुगते. डबा तसाच उघडा ठेवून मी तिला मोबाईलवर भलामोठा मेसेज लिहिला. शिवनेरीवर सकाळी सातच्या आत चढायला लाग, नंतर ऊन आणि शाळांच्या सहली दोन्ही डोक्यावर येतात. लॉजच्या खाली जेवू नकोस, दोन गल्ल्या पुढं जा. बाजारपेठेत एका मारवाडी काकांचं कापडदुकान आहे, तिथल्या बाकावर खुशाल टेक; ते पाणी देतात आणि काही घ्या म्हणत नाहीत. नाणेघाट बघायचा तर घाटघरची एसटी धर आणि पुढच्या बाकावर बस, मागं हाडं खिळखिळी होतात.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहिलं. आमच्याकडे नवीन माणसाला पहिला प्रश्न येतो, "कुणाकडं आलात?" कंपनीचं नाव सांगितलं तर लोक मान हलवतात आणि आपल्या कामाला लागतात. कुणाच्या तरी घरची पाहुणी असलीस, तर पत्ता सांगायला पायात चपला सरकवून सोबत येतात. तेव्हा बिनधास्त माझ्या आईचं नाव सांगत जा, असं मी लिहिलं. शिवाय वर एक हसरा चेहरा टाकला.

तिनं ते नाव मनापासून वापरलं. स्टँडवर, रसवंतीवर, शेताच्या बांधावर, सगळीकडे. वडील गेल्यापासून आई जुन्नरला दोन खोल्यांत एकटी राहते. पाचव्या दिवशी आईचा फोन आला.

"तुझी पावणी गावभर माझं नाव सांगत हिंडतीय, आन माझ्या घरात पाण्याचा घोट न्हाई? लोक इचारत्यात, पावणी कवा आली. मी काय सांगू?"

मी मुलीला कळवलं, एकदा जाऊन चहा पिऊन ये, म्हातारीचा मान राहील. ती गेली. चहा नाही, मासवडी खाऊन आली. फोटो पाठवला. पितळी ताटात तीळ-खोबऱ्याचं सारण भरलेल्या पिवळ्याधमक वड्या, शेजारी तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी. ओल्या फडक्यावर बेसन थापून, गुंडाळून, कापून मासवडी करायची म्हणजे अर्धा दिवस जातो. मी गेल्या तीन दिवाळ्या मागत होते, तर "हात दुखत्यात गं" हे उत्तर. त्या फोटोखाली मी "वा, छान" लिहिलं आणि ऑफिसातल्या शिपायावर उगाच ओरडले.

मग हे रोजचंच झालं. काम संपलं की ती आईकडे. आईच्या मोबाईलवरची अक्षरं तिनं मोठी केली, डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ तिनं घेतली. मी फोन केला की आई म्हणायची, "थांब, ती आलीया, मग बोलू." पहिल्या आठवड्यात ती मेसेजमध्ये "काकू" लिहायची. दुसऱ्या आठवड्यात "आई" लिहायला लागली. मी तो शब्द मोबाईलवर बघत बसले. मला मत्सर वाटत होता, साधा, शाळकरी मत्सर. पन्नाशीला टेकलेल्या बाईला तो शोभत नाही हे कळत होतं आणि त्यामुळं तो कमी होत नव्हता.

घाटघरनं तर कळस केला. घाटघर हे आईचं माहेर. मामा गेला तेव्हापासून ती तिकडं गेलेली नाही, दहा-बारा वर्षं झाली. "सुट्टी मिळाली की नेते तुला," असं मी दर उन्हाळ्यात म्हणते आणि मनापासून म्हणते. मग मुलांच्या परीक्षा येतात, ऑडिट येतं, गाडीचं काम निघतं. एका रविवारी दुपारी त्या मुलीचा फोटो आला. माझी आई एका बंद घराच्या ओट्यावर बसलेली, चपला बाजूला काढलेल्या, तोंड उघडून हसतेय. खाली लिहिलं होतं, "ताई, तुमची टिप भारी. पुढचाच बाक मिळाला."

मी तो फोटो नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "बरं झालं की. आपल्याला कुठं जमत होतं." त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

पुढचा रविवार तिचा शेवटचा होता. शनिवारी तिनंच विचारलं, "ताई, आता कुठं जाऊ?" आईकडे जाणार हे मला दिसत होतं. म्हणून मी तिला लांब पाठवायचं ठरवलं. आहुपेला जा, म्हणाले. देवराई बघ, इतकी जुनी झाडं कुठं मिळणार नाहीत. घोडेगावहून दुपारची एसटी धर. हे सगळं खरं होतं. फक्त ती गाडी आहुपेला मुक्कामी राहते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच परत निघते, एवढं मी सांगितलं नाही. विसरले नव्हते. एक रात्र अनोळखी डोंगरात अडकली की कळेल हिला, सगळीच गावं काही माझ्या आईच्या नावावर चालत नाहीत, असं माझ्या मनात होतं. हे आज लिहितानाही मला लाज वाटते, पण तेव्हा गार वाटलं होतं.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. घोडेगावच्या स्टँडचा गोंगाट मागं ऐकू येत होता. "ताई, गाडी लागली. आणि आई पण आल्यात सोबत."

"उतरा, ती मुक्कामी गाडी आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण मग आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मग आईच्या रक्तातली साखर, तिचे गुडघे, तिची औषधं, सगळं एकदम आठवलं. गाडीची चावी घेतली आणि निघाले. मंचरच्या चौकात कांद्याचे ट्रक अडकलेले, त्यात माझा अर्धा तास गेला. पुढं डिंभ्याचं धरण डाव्या-उजव्या हाताला येत-जात राहिलं आणि मी सगळ्या रस्त्यानं स्वतःला शिव्या घालत होते, मधूनच त्या मुलीलाही.

आहुपेत पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. एका घराच्या पडवीत दोघी बसल्या होत्या, हातात कोऱ्या चहाचे पेले. गाडी परत जाणार नाही हे कंडक्टरनं वाटेतच सांगितलं होतं. मग आईनंच गाडीत शेजारी बसलेल्या बाईला विचारलं होतं, घाटघरच्या अमक्याची लेक मी, तुमच्यात कुणी वळखतं का. त्या बाईची चुलती घाटघरची निघाली. झोपायची सोय झाली, जेवण चुलीवर चढलं. गोळ्यांचा डबाही होता. निघताना मुलीनंच तो पिशवीत टाकायला लावला होता.

आईनं पेला खाली ठेवला. "तू कशी आलीस?"

"गाडी मुक्कामी आहे, सांगायचं विसरले."

"तू?" आई म्हणाली. "तू शाळंत असल्यापासनं एसटीचं टायमिंग पाठ म्हणून दाखवायचीस."

मुलगी मध्ये पडली. "होतं हो आई. सगळेच विसरतात." तिचा चेहरा स्वच्छ होता. तिला खरंच काही कळलं नव्हतं, की कळूनही तिनं मला वाचवलं, ते मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी मला तिचा राग आला.

"चला, गाडीत बसा. अंधार पडायच्या आत खाली उतरू," मी म्हणाले.

"आमी ऱ्हातो," आई म्हणाली. "सकाळी देवराई बघायची हाय. त्यांनी आमच्यासाठी तांदूळ बी निवडल्यात. तू जा, तुला ऑफिस असंल."

ऑफिस होतंच. मी कोरा चहा प्याले आणि एकटी घाट उतरले. शेजारच्या रिकाम्या सीटवर मी आईसाठी आणलेली शाल पडली होती.

मंगळवारी ती मुलगी अमरावतीला गेली. जाताना ऑफिसात येऊन माझ्या पाया पडली. मी तिला पेढे दिले. साहेब म्हणाले, मॅडम, तुम्ही फार छान सांभाळलंत तिला. मी हसले.

त्या आठवड्यात मी रजा टाकली. ऑडिट तोंडावर होतं, तरी टाकली. जुन्नरला गेले, आईच्या समोर जमिनीवर बसले. ती शेंगा सोलत होती. मीही चार सोलल्या. मग विचारलं, "आई, तुला कुठं जायचंय का? दोन दिवस रजा आहे. म्हणशील तिथं नेते."

आईनं खरोखर विचार केला. हातातली शेंग तिनं सोलून संपवली.

"न्हाई गं," ती म्हणाली. "घाटघरच जायचं व्हतं. ते झालं."