एकतर ‘या’, नाहीतर ‘थांबा’

अक्काचा फोन आला तेव्हा मी धाराशिवच्या भाजीबाजारात होतो. “बापू, ह्यांना सोलापूरला आणलंय. तू ये.” दवाखान्याचं नाव सांगितलं आणि फोन ठेवून दिला. पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि तसाच निघालो. सोलापुरात शिरलो, विचारत विचारत दवाखाना गाठला, आणि मग जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. फाटकाशीच लिंबाच्या सावलीत ऐसपैस जागा रिकामी होती. मी आधी वर पाहिलं. फांद्यांत कावळ्यांची घरटी होती, म्हणून ती जागा सोडली. पुढं भिंतीलगत जागा होती, पण वरच्या गॅलरीच्या कठड्यावर कुंड्या मांडलेल्या. तीही सोडली. शेवटी पार मागं, भर उन्हात, गाडीचं तोंड रस्त्याकडं करून, दोन्हीकडची दारं पुरती उघडतात ना हे बघून गाडी लावली आणि मग जिन्याकडं पळालो. वर दाजींचा श्वास मशीन घेत होतं आणि मी खाली त्यांच्या नियमानं गाडी लावत बसलो होतो. त्यांना कळलं असतं तर “बराबर हाय” म्हणाले असते, याची मला खात्री आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उत्तमराव. परंड्याचे. जमिनीच्या मोजणीच्या खात्यात त्यांनी नोकरी केली. जन्म सगळा दुसऱ्याच्या बांधावर उभं राहण्यात गेला. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जाताहेत, बायका लांबून शिव्या मोजताहेत, आणि मधे दाजी, डोक्याला टॉवेल बांधून, शांतपणे मोजणी करताहेत… असं मी स्वतः बघितलंय. ‘ह्यानं माझ्यात रेटलं, त्यानं माझा दगड हलवला’ हे ऐकून ऐकून त्यांची एक समजूत पक्की झाली होती की संधी मिळाली की माणूस रेटणारच. म्हणून निवृत्तीनंतर मोतिया रंगाची ती छोटी गाडी दारात आली, तेव्हा तिच्या चारी बाजूंनी त्यांनी मनातल्या मनात बांध घालून घेतला. घरात मूलबाळ नव्हतं. ती दोघं आणि आता ही तिसरी. अक्का म्हणायची, “मला आणलं तवा एवढं वळून वळून बघितलं न्हाय ह्यांनी.” दाजी हसायचे, पण गाडी पुसायचं फडकं काही खाली ठेवायचे नाहीत.

गाडीची पूजा सोनारीला, भैरवनाथाच्या दारात करायचं ठरलं. आम्ही सगळे नटूनथटून बसलो. आता सोनारी म्हटल्यावर माकडं आलीच. ती देवाची, त्यांना कोणी काही म्हणत नाही, आणि तीही कोणाला जुमानत नाहीत. दाजींनी गाव दिसायला लागल्याबरोबर गाडी बाजूला घेतली आणि एका मोकळ्या पडीक रानात नेऊन उभी केली. “उतरा. हितनं चालत.” वैशाखाचं ऊन. नारळ, हार, हळदकुंकू, नैवेद्याचा डबा हातात घेऊन आमची वरात देवळाकडं निघाली. अक्का चिडून म्हणाली, “आवो, पूजा गाडीची हाय का आमची?” देवाला नारळ फोडला, पुजाऱ्याकडून हार मंतरून घेतला, आणि तो हार घेऊन परत रानात येऊन गाडीला घातला. गाडी देवाच्या दारात न जाताच तिची पूजा झाली. परंडा तालुक्यात असं दुसरं उदाहरण नसेल.

त्यांच्या जागा निवडण्याच्या तऱ्हा आठवल्या की अजून हसू येतं, आणि थोडं थकायलाही होतं, कारण त्यांच्याबरोबर कुठं जायचं म्हणजे पोचल्यावरही पोचायला वेळ लागायचा. वडाखाली नाही, चीक पडतो. शाळेच्या भिंतीशी नाही, चेंडू येतो. उसाच्या ट्रॉलीच्या आसपास तर नाहीच. मंगल कार्यालयाच्या दारात नाही, फटाके वाजतात. लग्नात जेवणाच्या पंगतीतून ते हात धुवायला म्हणून उठायचे आणि गाडीला एक फेरी मारून यायचे. एकदा मी म्हणालो, “दाजी, एवढं जपून करायचं काय?” तर म्हणाले, “बापूराव, लोकांच्या जमिनी मोजताना बघितलंय मी. एकदा चरा पडला का तो बुजत न्हाय.” ते गाडीबद्दल बोलत होते की भावाभावांबद्दल, ते मी विचारलं नाही.

आणि त्याच गाडीला व्हायचं ते तुळजापुरात झालं. दर्शनाला गेलो होतो, ती दोघं आणि मी. गर्दी होती. एका लॉजच्या मागच्या अंगणात दोन गाड्यांच्या मधे जेमतेम जागा मिळाली. मागं भिंत, भिंतीतून डाव्या अंगाला लोखंडाचा एक लांब तुकडा बाहेर आलेला. अक्का खाली उतरून मागं उभी राहिली. दाजी मागं घ्यायला लागले, मी शेजारच्या सीटवर. “या… या…” अक्का सांगत होती. तेवढ्यात तिला ते लोखंड दिसलं. इथं काही जमायचं नाही, हा नाद सोडा, दुसरीकडं बघू, असं तिला म्हणायचं होतं. आपण सगळेच अशा वेळी जे म्हणतो तेच ती ओरडली, “जाऊ द्या वो!” दाजींना वाटलं, मागं रान मोकळं आहे. त्यांनी गाडी जाऊ दिली. तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांनाच कळेल. दाजी उतरले, मागं गेले, उकिडवे बसले. डावीकडच्या मागच्या दारापासून पार शेवटापर्यंत पत्रा आत गेला होता. अक्का पदर तोंडाशी धरून उभी. तिला काही सुचेना, तेव्हा पुन्हा तेच तोंडून निघालं, “जाऊ द्या आता…” दाजींनी मान वर केली. “अगं, किती जाऊ देऊ अजून? भिंतीत गेलो की!” मला हसू आवरलं नाही, आणि मी हसलो म्हणून तेही हसले. अक्का मात्र हसली नाही. परतीच्या वाटेवर ती मागं बसून खिडकीबाहेर बघत होती आणि मधेमधे डोळे पुसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी दाजींनी ऑफिसात सांगावं तशा आवाजात सांगितलं, “आजपासनं गाडी लावताना ‘जाऊ द्या’ बंद. त्या शब्दाला दोन तोंडं हायत. दोनच शब्द. एकतर ‘या’, न्हायतर ‘थांबा’. तिसरा न्हाय.” अक्कानं कप खाली ठेवून विचारलं, “अन् चुकून तोंडातनं गेला तर?” दाजी म्हणाले, “तर मी थांबतो.” मग त्यांनी अंगणात तुळशीजवळच्या एका फरशीवर तिला उभं केलं. तिथं उभी राहिली की ती आरशात दिसते, म्हणाले. तेव्हापासून गाडी आत यायची वेळ झाली की हातातलं पीठ न धुता अक्का त्या फरशीवर येऊन उभी राहायची.

पत्रा सरळ करून आणला, रंगही मारला, पण तिरप्या उन्हात तिथं एक लाट दिसायची. त्यानंतर दाजी गाडी नेहमी तीच बाजू भिंतीला अगदी चिकटवून लावायला लागले. दार पुरतं उघडलं पाहिजे हा त्यांचा पहिला नियम, तो त्यांनी स्वतःच मोडला. मला वाटलं, शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून. एकदा चिडवलं तर त्यांनी आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या अक्काला दारातनं येताजाता दिसतं. तिच्या जिवाला लागतं.”

दवाखान्यात काय झालं ते आता लिहायलाच हवं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. म्हणाले, “पुण्याला न्यायचं म्हणत असाल तर ॲम्ब्युलन्स बोलावतो. पण उपयोग होईल असं मला वाटत नाही. वाटेतही काही होऊ शकतं. तुम्ही सांगाल तसं.” मी अक्काकडं बघितलं. ती काचेतून आत बघत होती. मग म्हणाली, “जाऊ द्या.” डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ॲम्ब्युलन्स बोलावली गेली नाही. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना दाजी गेले.

दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले. मधे काही आठवडे गेले आणि मागच्या रविवारी मी परंड्याला गेलो. गाडी तशीच उभी होती, बॅटरी उतरलेली, काचेवर धूळ. अक्का ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसलो. तिनं मान वर न करता विचारलं,

“बापू, त्या दिवशी डॉक्टरला म्या काय म्हणलं?”

“जाऊ द्या म्हणालीस.”

“मग गाडी का न्हाय आली?”

मला कळेना. “कुठली गाडी?”

“पुण्याला न्यायची. म्या म्हणलं, जाऊ द्या… न्यायचं तर जाऊ द्या लौकर. तुमी समदी तशीच हुभी.”

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं. एका शब्दाचे दोन अर्थ, वाक्यात उपयोग करा… हे सगळं मुलांकडून करून घेतलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी तिला पुन्हा सांगितलं. उपयोग झाला नसता, वाटेतच काही झालं असतं, सगळं सांगितलं. ते खरंही आहे. ती ऐकून घेत होती.

“ते खरं,” ती म्हणाली. “अन् मला बी आता आठवंना, मनात काय व्हतं. कवा वाटतं न्या म्हणलं, कवा वाटतं राहू द्या म्हणलं. लई दमले रे बापू ह्याच्यात. दोनच शब्द शिकवले व्हते त्यांनी. त्यातला एक बी तोंडात आला न्हाय. अन् चुकला तरी थांबतो म्हणले व्हते.”

तिला त्या दिवशी काय म्हणायचं होतं, ते आता तिलाही कळणार नाही आणि मलाही. नुसता थकवा आहे. झोपून उठलं तरी जात नाही असा.

दुपारी मेकॅनिकनं येऊन बॅटरी बदलून दिली. गाडी नुसती उभी ठेवून बिघडेल, म्हणून मी ती किल्ल्याच्या बाजूला एक चक्कर मारून आणली. वाटेत सावली होती तिथं थांबलो नाही. परत दारात आलो, गाडी फिरवून तोंड रस्त्याकडं केलं आणि मागं घ्यायच्या आधी आरशात बघितलं. अक्का ओसरीतून उतरून तुळशीजवळच्या त्या फरशीवर येऊन उभी राहिली होती. हात वर केलेला.

“ती बाजू भिंतीकडंच घे,” ती म्हणाली. “त्यांना वाटायचं मला कळत न्हाय.”

मी गाडी मागं घ्यायला लागलो.

“या,” अक्का म्हणाली. “या… या…”

मी तिचा धाकटा भाऊ. मला ती जन्मात कधी ‘या’ म्हणालेली नाही, ‘ये’ म्हणते. मी आरशातून नजर काढली नाही. भिंत जवळ आली, दाजी सोडायचे तेवढंच अंतर उरलं.

“थांबा.”

मी ब्रेक दाबला. गाडी थांबली. इंजिन बंद केलं, किल्ली काढली. अक्काचा हात अजून वरच होता.

“थांबा…” ती म्हणतच होती. “थांबा वो… थांबा…”